मोहितेकाकांचे दोन थेंब

सकाळी पावणेसहाला बहरीनच्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या इमारतीतून बाहेर पडायचं तर जिन्याच्या तळाशी बसलेल्या मोहितेकाकांसमोरून जावं लागे, आणि त्यांच्यासमोरून कुणी कोरडं जात नसे. प्लास्टिकच्या खुर्चीत ते ताठ बसलेले असत. मांडीवर निलगिरी तेलाची हिरवी बाटली. "रुमाल!" म्हणून हात पुढे करत. रुमाल दिला तर तेल रुमालावर पडे, नाही दिला तर कॉलरवर, आणि कॉलर वाचवायला मान वळवली तर थेट मिशीवर.

"दोन थेंब, सर्दी खलास! यल्ला, जा आता कामाला."

सर्दी झालेली नाही असं सांगून काही उपयोग नसे. "अय्यो, झाल्यावर काय करायचंय? व्हायच्या आधी लावायचं आसतंय."

दोन थेंब हा त्यांचा नुसता शब्द होता. आम्ही राहायला आलो तेव्हा ते खरोखर मोजून दोन थेंब टाकत. गेल्या दोनेक वर्षांत मात्र बाटली आडवी झाली की पुन्हा उभी व्हायचं नावच घेत नसे. रुमाल चिंब होई, खिसा ओला होई आणि ऑफिसला पोचेपर्यंत गाडीत डोळे चुरचुरत. बहरीनच्या दमट उन्हाळ्यात बंद काचांच्या गाडीत ते तेल काय करतं, हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक.

गणपतराव मोहिते मूळचे साताऱ्याकडचे, पण जन्म कोलारचा. त्यांचे वडील इंग्रजांच्या अमदानीत तिथल्या सोन्याच्या खाणीत कामाला गेले आणि तिथलेच झाले. त्यामुळे काकांची भाषा साताऱ्याची, 'अय्यो' कोलारचं आणि 'खलास' इथलं. स्वतः ते इथल्या मआमीर भागातल्या एका वर्कशॉपमध्ये क्रेन चालवत. सोन्याच्या खाणीत वाढलेल्या या माणसाच्या अंगावर सोन्याची साधी अंगठीही नव्हती. विचारलं तर म्हणत, "सोनं साहेबाचं. आमच्या वाटणीला आलं ते हे तेल."

मग कोलार सुरू होई. खाणकामगारांच्या घरांच्या रांगांना तिकडे लाइन म्हणत. प्रत्येक लाइनीत, प्रत्येक घरात निलगिरीची बाटली. खोकला आला, छातीला चोळ. पाय मुरगळला, लाव. उवा झाल्या, डोक्यावर घाल. ढेकूण झाले, खाटेच्या सांध्यात सोड. "गोऱ्या साहेबाच्या मडमेला पडसं झालं तरी हेच, आन् माझ्या आईला झालं तरी हेच. बंगला निराळा, पण वास एकच!" हे सांगताना त्यांची छाती फुगे. सकाळी पाळीवर निघालेल्या माणसाच्या रुमालावर घरची बाई दोन थेंब टाकी. खाली सुरुंगाचा धूर आणि दगडाची धूळ, तिथे तो रुमाल नाकाला धरायचा. रुमालाशिवाय त्यांच्या वडिलांनी एक दिवसही पाळी केली नव्हती.

आमच्या इमारतीत खाण नव्हती, पण काकांना त्याची अडचण वाटत नसे. दार करकरलं, निलगिरी. मुंग्या झाल्या, निलगिरी. माझ्या मुलीच्या, अदितीच्या केसांत च्युइंगगम अडकलं तेव्हा बायको, मंगल, कात्री घेऊन बसली होती. काकांनी कापसाचा बोळा फिरवला आणि च्युइंगगम सुटून हातात आलं. हे एक यश आम्हाला फार महागात पडलं. त्यानंतर त्यांना कशालाच नाही म्हणता येईना.

वरच्या मजल्यावर रत्नागिरीचे इस्माईल परकार राहत. त्यांची कंबर धरली तेव्हा काकांनी ती अशी काही रगडली, की शुक्रवारी नमाजाहून परत येताना परकार जिन्यातच मला म्हणाले, "सामंत, कंबर सुटली खरी. पण आज मशिदीत माज्या बाजूला कोण उभा राहत नाय. इमामसाब पण लांबनंच सलाम करून गेले."

माझ्या सहनशक्तीचा कडेलोट मात्र मी नोकरीला होतो त्या बँकेत झाला. मोठ्या साहेबांबरोबर मीटिंग होती. त्या सकाळी काकांनी रुमालाची वाट न बघता टायवरच धार धरली. बंद खोली, एसी जोरात. दहाव्या मिनिटाला साहेब शिंकले, मग त्यांची सेक्रेटरी, मग ओळीनं सगळे. साहेबांनी पाणावलेल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला काहीतरी साथीचा आजार झालाय असं ठरवून घरी पाठवून दिलं. घरी आलो तर ईसा टाउनच्या शाळेतून परतलेली अदिती दप्तर फेकून रडत होती. "बाबा, दे कॉल मी कोआला! द होल बस!" निलगिरीचा पाला खाणारा तो प्राणी बसमधल्या पोरांना बरोबर आठवला होता.

तेव्हा मी ठरवलं, की आता पुरे. इमारतीचा मालक महिन्यातून एकदा चक्कर मारी. त्याच्या कानावर घातलं तर तो म्हणाला, "लिहून द्या. सगळ्यांच्या सह्या आणा. पुढच्या महिन्यात तो फ्लॅट खाली, इंशाल्ला." आणि हा मालक बोलला की करणारा होता.

इमारतीत इंग्रजी बरं माझंच, निदान माझा तसा समज होता. त्यामुळे अर्ज मीच टाइप केला. काकांचं नाव मात्र घातलं नाही. तो सभ्यपणा होता असं तेव्हा मला वाटलं, आता भित्रेपणा होता असं वाटतं. 'एका रहिवाशाच्या सदनिकेतून येणाऱ्या असह्य उग्र वासामुळे इतरांना राहणे कठीण झाले असून, सदर रहिवाशास जागा सोडण्यास सांगावे', अशा अर्थाचा मजकूर होता. नाव मालकाला तोंडीच सांगायचं ठरलं. सह्या गोळा करायचं काम परकारांकडे दिलं.

शुक्रवारी दुपारी जेवण करून आडवा झालो होतो, तोच बेल वाजली. दारात मोहितेकाका, हातात माझा अर्ज.

"परकार जिन्यात भेटला. कागद लपवाय लागला. म्हटलं, सगळ्या बिल्डिंगीचं काम, मग माजी सही नको व्हय? घेतला काढून, वाचला आन् केली." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. सगळ्यांच्या सह्यांखाली ठसठशीत मराठीत सही होती, ग. बा. मोहिते.

मंगल स्वयंपाकघरातून बाहेर आली होती, ती तशीच उभी राहिली.

"पण एक इचारू?" काका खुर्चीवर टेकले. "कसला वास येतो रे?"

मी काहीतरी पुटपुटलो. बहुधा ड्रेनेज म्हणालो.

"आसंल. मला येत न्हाई." मग चोरी कबूल करावी तसं म्हणाले, "मला कसलाच येत न्हाई. सहा वर्सं झाली. साधं पडसं झालं होतं, आठ दिवसांचं. पडसं गेलं, ते नाक घिऊन गेलं. जल्मभर ज्याच्यावर तेल लावलं, त्यानंच मला गंडवलं बघ." ते हसले. "कुणाला सांगू नकोस हां. लोक म्हणतील, ह्याला सोताला वास येत न्हाई आन् आमाला लावतोय."

"मग तेल किती घालायचं ते कसं कळतं, काका?" मंगलनं विचारलं.

"सुमन हुती तवर ती सांगायची. अहो, आज जास्त झालं. अहो, बास. सोता वास घिऊन रुमाल हातात द्यायची." सुमनकाकू जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. "आता तुमच्या तोंडाकडं बघतो. नाक मुरडलं, डोळ्यातनं पाणी आलं, की समजतो, बाटलीत दम हाय अजून. न्हाईतर मला ते पाण्यावानी. आईचा वास, घरचा वास, सगळा त्याच्यातच हुता की."

दोन वर्षांचं कोडं असं एका क्षणात सुटलं. बाटली आडवी झाली की त्यांचा हात धरणारं आता कुणी नव्हतं, आणि मी त्यावर इंग्रजीत अर्ज लिहिला होता. मला माझीच लाज वाटली. हातातला कागद कुठे ठेवावा कळेना.

काका उठले. दारापर्यंत गेले आणि वळले. त्यांना काहीही कळलेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात तो वासाचा रहिवासी दुसराच कुणीतरी होता.

"सामंत, सही मी केलीय, पर मालकाकडं जायच्या आधी त्या माणसाला एकदा सांगा की रं. बिचारा एकटा आसंल. घरात सांगणारं कोण नसंल, तर त्याला तरी कसं कळावं?"

ते गेल्यावर मंगलनं माझ्या हातातून अर्ज घेतला, त्याची चौघडी केली आणि डगमगणाऱ्या डायनिंग टेबलाच्या पायाखाली सारली. संध्याकाळी परकार विचारायला आले. त्यांना सगळं सांगितलं. ते कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "मालकाला सांगतो मी, ड्रेनेज होता, साफ झाला. खलास."

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला खाली उतरलो. खुर्ची होती, बाटली होती. "रुमाल!" काकांनी हात पुढे केला.

मी रुमाल दिला. बाटली आडवी झाली. एक, दोन, तीन, चार. मला मंगलनं पढवून पाठवलं होतं, तरी जीभ उचलेना. सहाव्या थेंबाला मी त्यांचं मनगट धरलं.

"काका, आज जास्त झालं."

त्यांचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग रुमालाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ड्रेनेजचा सगळा उलगडा त्यांना त्या वेळी झाला असणार. चेहरा एवढासा झाला.

"लई?" त्यांनी हळूच विचारलं.

"दोनच पुरेत."

त्यांनी तो रुमाल स्वतःच्या खिशात टाकला आणि आपला कोरा, घडी केलेला रुमाल काढला. बाटली हलकेच कलती केली. एक. दोन. बूच लावलं आणि रुमाल माझ्या हातात दिला नाही, माझ्या नाकापाशी धरला.

"आता बघ."

मी डोळे मिटून भरभरून वास घेतला आणि म्हणालो, "अहो, बास."