दस्तगीरमामांची टिचकी

दस्तगीरमामांनी आजपर्यंत आमच्या घरातल्या अठरा वस्तूंना टिचकी मारली आहे. मी मोजल्या आहेत. गॅसची टाकी, पाण्याचा फिल्टर, जुना दरवाजा, नवा दरवाजा, स्वयंपाकघरातल्या फरश्या (सगळ्या मिळून एक वस्तू धरली आहे), कलिंगड, नारळ आणि माझं हेल्मेट ही त्यांतली ठळक. हेल्मेटला मारली तेव्हा ते माझ्या डोक्यावर होतं.

"हेल्मेट पास," मामा म्हणाले. "आतल्या मालाची गॅरंटी आपल्याकडं न्हाय."

मामा आमचे शेजारी. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत त्यांनी एकतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. ओतकामाचा नग थंड झाला की त्याला हातोडीनं हलकेच ठोकायचं. खणखणीत वाजला तर पास, भद्द वाजला तर आत कुठंतरी चीर आहे, नापास. निवृत्त झाल्यावर हातोडी कंपनीत राहिली आणि बोट घरी आलं. त्यांचं एकच तत्त्व: "कागद खोटं बोलतोय, माणूस खोटं बोलतंय. आवाज न्हाय."

टिचकी मारण्याची त्यांची एक खास तऱ्हा होती. टिचकी मारली की ते वस्तूकडे बघत नसत, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघत. एकटक, भुवया वर करून. आम्हाला वाटायचं, त्यांना कौतुक हवं आहे. मग आम्ही हसायचो, मान डोलवायचो आणि मामा "पास" म्हणायचे. अठरापैकी एकदाच ते चुकले. नारळ पास केला आणि तो कुजका निघाला. त्या दिवशी मला बढतीचं पत्र मिळालं होतं, म्हणून तारीखही माझ्या लक्षात आहे.

रशीदामामी, म्हणजे त्यांच्या पत्नी, या टिचक्यांना वैतागलेल्या. हातात दोनच बांगड्या, जादा घातल्या तर कामाच्या आड येतात म्हणून. पदर खोचून दारात उभ्या राहायच्या आणि मला सांगायच्या, "भाऊ, सगळ्या गावाचा आवाज ऐकाय येतोय ह्यांना. माझाच तेवढा ऐकाय येत न्हाय."

मी स्वतः दूध संघाच्या प्रयोगशाळेत आहे. फॅट साडेतीन म्हणजे साडेतीन, तिथं टिचकीला जागा नाही. म्हणून माझी मुलगी मुक्ता, वय वर्षं तेरा, गिटार शिकायची म्हणाली तेव्हा मी मामांना विचारलं नाही. तक्ता केला. चौदा गिटारी, नऊ रकाने: लांबी, वजन, लाकूड, पिशवी, पट्टा, जादा तारा असं सगळं. तीन हजारांच्या आत सगळ्यांत जास्त गुण मिळालेली एक्केचाळीस इंची गिटार घरपोच मागवली.

अकराव्या दिवशी मुक्तानं ती कपाटावर टाकली. डाव्या हाताची चार बोटं मला दाखवली. टोकांना फोड आले होते.

"बाबा, मला नाही जमत. क्लासमधल्या सगळ्यांना जमतं. माझ्यातच काहीतरी कमी आहे."

ती रडली असती तर मला एवढं लागलं नसतं. ती हिशेब संपवल्यासारखं बोलली. पोहणं तिनं असंच सोडलं होतं, चित्रकलाही. आता तिसऱ्यांदा सोडलं तर ही मुलगी कशालाच हात लावणार नाही, असं मला वाटलं.

मामा दारातच होते. त्यांनी गिटार कपाटावरून काढायला लावली आणि घरी जाऊन एक छोटी पुडी आणली. तीत पोलादी पात्यांचा जुडगा होता. प्रत्येक पात्याची जाडी ठरलेली. दोन भागांमधली फट मोजायला कारखान्यात वापरतात. गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात. तार दाबून तिथं टेकवली की सूर निघतो. मामांनी बारावी पट्टी आणि तार यांच्यामधल्या फटीत पाती घालायला सुरुवात केली. एकावर एक घालतच गेले.

"साडेचार मिलिमीटर," ते म्हणाले. "अडीच पाहिजे. तार एवढी वर असल्यावर दाबताना बोटं फुटणारच. आनि मान वाकलीय, म्हणजे तार खाली घ्यायची सोय न्हाय. पाटील, ही गिटार न्हवं, काजू फोडायचं मशीन हाय. पोरगी नापास न्हाय, माल नापास हाय!"

मी माझा तक्ता आठवून बघितला. तारेची उंची हा रकाना त्यात नव्हता, कारण कोणत्याच जाहिरातीत तो दिलेला नव्हता.

"रविवारी जायाचं," मामा मुक्ताला म्हणाले. "तुला जमती अशी गिटार घेतल्याबिगर परत यायाचं न्हाय. तुझा बा कटाळला तर त्याला तितंच ठेवू."

आम्ही दोन रविवार फिरलो, चार दुकानं केली. मामा आत शिरले की दुकानदार "या पावणं" म्हणायचा आणि पाच मिनिटांत ते म्हटल्याचा पश्चात्ताप करायचा. मामा गिटारीच्या पोटाला टिचकी मारत, मुक्ताच्या तोंडाकडे बघत आणि "न्हाय" म्हणत. मग पाती निघत. बावीस गिटारी नापास झाल्या. एका दुकानदारानं विचारलं, "मामा, कुठल्या ऑर्केस्ट्रात हाय तुमी?" मामा म्हणाले, "फौंड्रीत. तितं एकतीस वर्सं वाजवलं, टाळी एकानंबी न्हाय वाजवली."

पाचवं दुकान राजारामपुरीत होतं. मुक्ता दारातच थांबली. भिंतीवर निळी गिटार होती, अडतीस इंची, तिच्या हाताला बेताची. मुक्ता त्या गिटारीकडे अशी बघत होती, की मी किंमत विचारायच्या आधीच पाकीट चाचपलं.

मामांनी टिचकी मारली. मुक्ताचं तोंड फुललेलं होतं.

"खणखणीत!" मामा म्हणाले. "पास. बांधा वो."

पण मी ऐकलं होतं. टिचकीबरोबर आतून फर्रर्र असा आवाज आला होता, फाटक्या स्पीकरसारखा. लाकडाची आतली पट्टी सुटली असावी. दुकानदारानं मान दुसरीकडे वळवली, म्हणजे त्यानंही ऐकलं होतं. माझी अडचण अशी, की आकडा चुकीचा दिसला आणि गप्प बसलो, असं मला जमत नाही.

"मामा, फरफरतीय."

"काय?"

"आतून फरफर येतीय. परत मारा."

त्यांनी परत मारली. फर्रर्र. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मुक्ताकडे. आता तिचं तोंड उतरलं होतं. मामांनी गिटार जपून भिंतीला परत अडकवली आणि ते दुकानाबाहेर गेले.

समोरच्या गाड्यावर चहा घेताना ते पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता बोलले.

"बारीक आवाज गेलं, पाटील. सात-आठ वर्सं झाली. माणसाचं बोलणं कळतंय, ओठ दिसलं तर. पर खणखण गेली. पंपाचे चाळीस नग मी पास केलते. नऊ फुटकं निघालं. कुणी काय बोललं न्हाय मला. मीच राजीनामा दिला. घरात सांगितलं, गुडगं दुखत्यात."

"मग या टिचक्या?" त्यांनी मान वर केल्यावर मी विचारलं.

"त्या वस्तूला कुठं मारतोय? रोज मलाच मारून बगतोय, आज काय ऐकाय येतंय का. न्हाय आलं, तर तुमच्या तोंडाकडं बगतो. तुमी हसला, की माल पास."

नारळ माझ्या डोळ्यांसमोर आला. मी बढतीसाठी हसत होतो.

"मशीन लावा की कानाला."

"लावलं हुतं. चमचा पडला तर बाँब पडल्यागत वाजतंय. कपाटात ठिवलंय."

"मामींना माहीत आहे?"

"तिला वाटतंय, मी मुद्दाम ऐकत न्हाय. वाटू दे. भांडती तरी. कीव कराय लागली तर मी काय करू?"

मुक्ता इतका वेळ बिस्किट हातात धरून बसली होती. ती मामांच्या समोर येऊन उभी राहिली, ओठ दिसतील अशी.

"मामा, तुम्ही म्हणाला होता, घेतल्याशिवाय परत जायचं नाही."

मामांनी कप खाली ठेवला आणि खिशातून वीतभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर काढला. निवृत्त माणूस रविवारी खिशात स्क्रू ड्रायव्हर का ठेवतो, हे मी विचारलं नाही.

"मोटरीच्या बेअरिंगचा आवाज असाच ऐकत्यात," ते म्हणाले. "टोक बेअरिंगला, मूठ कानामागच्या हाडाला. कान गेला तरी हाड हायच की. ही युक्ती मला आधी सुचाय पायजे हुती."

ते तरातरा दुकानात शिरले आणि स्क्रू ड्रायव्हर एका गिटारीच्या पोटाकडे नेला. दुकानदार काउंटरवरून जवळजवळ उडीच मारून आला.

"ओ पावणं! ओ पावणं! वरखडा पडंल!"

"मग लाकूड दे कायतरी!"

त्यानं घाबरून हाताला लागलं ते दिलं: ड्रम वाजवायच्या काठ्यांची जोडी. मामांनी एक काठी घेतली. एक टोक गिटारीला, दुसरं कानामागं. मुक्तानं तार छेडली. मामांनी डोळे मिटले. मी त्यांना टिचकीनंतर कधी डोळे मिटताना बघितलं नव्हतं.

पहिली नापास, दुसरी नापास, तिसरीही. प्रत्येक वेळी कारण सांगत होते आणि दुकानदार आता वाद घालायचं सोडून ऐकत होता. सहावी गिटार साध्या तपकिरी रंगाची होती, अडतीस इंची, नायलॉनच्या तारांची. मुक्तानं छेडली. मामा हलले नाहीत. "परत," म्हणाले. तिनं परत छेडली. "परत." पाचव्यांदा छेडल्यावर त्यांनी डोळे उघडले. ते ओले होते, पण आवाज तपासनिसाचाच होता.

"ऐकाय येतंय. शेवटपर्यंत येतंय."

मग पाती घातली. दोन पूर्णांक सहा. मुक्तानं तार दाबली, बोटांकडे बघितलं आणि पुन्हा दाबली.

"बाबा, दुखत नाही."

चार हजार दोनशेला गिटार घेतली. एकच काठी हवी होती, पण दुकानदार जोडी फोडायला तयार नव्हता, म्हणून दोन्ही घेतल्या.

याला आता पाच महिने झाले. मुक्ता अजून वाजवते आहे. बरं वाजवते की वाईट, यावर माझं मत नाही. मी फक्त मिनिटं बघतो आणि ती वाढत आहेत. आमच्या दाराशी खिळ्याला एक काठी लटकलेली असते. पाहुणे विचारतात, घरात ड्रम कुठं आहे? संध्याकाळी मामा येतात, काठी काढतात, एक टोक गिटारीला आणि दुसरं कानामागं लावून बसतात. टिचक्या बंद झाल्या आहेत. वस्तूंची संख्या अठरावरच थांबली.

दुसरी काठी मामा घरी घेऊन गेले होते. तिचं काय झालं, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. परवा मामी डबा परत द्यायला आल्या तेव्हा मी विचारलं.

"ओट्याला लावून बसत्यात की," त्या म्हणाल्या. "मी भाकरी थापाय लागले, की येत्यात. एक टोक ओट्याला, एक कानाला. म्हणत्यात, ओटा हलतोय का तपासतोय."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार? तपासा म्हणते."

त्यांनी डबा माझ्या हातात दिला तेव्हा खळखळ आवाज झाला. दोन्ही हातांत काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. मी सवयीनं मोजल्या. डझनभर होत्या.