मूळ सोडायचं न्हाई

“बाई, सार्थक गाभण हाय. त्येला आज लौकर सोडा.”

कोंडिबामामा माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य हे. मी नुकतीच बदली होऊन या वाडीच्या शाळेवर आले होते. सार्थक दुसरीत होता आणि पहिल्या ओळीत बसून नाक ओढत होता. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा दारातल्या म्हाताऱ्याकडे. वर्गात कुणालाच हसू आलं नाही. सार्थकनं दप्तर उचललं आणि काळजीच्या चेहऱ्यानं तो निघूनही गेला.

गाभण होती ती त्याची शेळी. तिचंही नाव सार्थकच, हे मला मधल्या सुट्टीत कळलं.

आमची वाडी भाटघर धरणाच्या मागच्या डोंगरात. मी भोरहून स्कूटीनं येते आणि शेवटचा चढ पायी चढते. वाडीत धनगरांची घरं, आणि माणसांपेक्षा शेळ्यामेंढ्या जास्त. मामा एकटे. लग्न झालं नाही, का ते कुणी विचारत नाही. पण वाडीतलं मूल पहिलीत गेलं की मामा आपल्या कळपातलं एक मादी करडू त्याच्या नावावर करणार. नावावर म्हणजे अगदी नावावर, करडाला त्या मुलाचंच नाव. पाला मुलानं आणायचा, मीठ चाटवायचं, गोचीड काढायचे. ती व्याली की निम्मी पिल्लं मामांची, निम्मी मुलाची. मुलाच्या वाट्याचा बोकड विकला की पैसे भोरच्या पोस्टात, त्याच्या खात्यावर.

“शेळी म्हंजी मूळ,” मामा शिकवायचे. “पिल्लू म्हंजी याज. याज इका, खावा, बुट घ्या. मूळ सोडायचं न्हाई!”

हे शेवटचं वाक्य पोरांनी एका सुरात म्हणायचं, तेव्हा कुठं मामा गुळाचा खडा देत. पोरांना त्याची इतकी सवय झाली होती की एकदा पेंगुळलेल्या वर्गाला मी विचारलं, “जेवणाआधी काय करायचं?” तर सगळा वर्ग ओरडला, “मूळ सोडायचं न्हाई!”

बचतीचा धडा आला तेव्हा मी मोठ्या हौसेनं भोरच्या बाजारातून मातीचा गल्ला नेला. मामांनी तो हातात घेतला, हलवला, उलटा करून खालून बघितला.

“बाई, ह्यो व्यातो का?”

“नाही.”

“मंग ह्येला पाळायचा कशापायी?”

पोरं गडबडा लोळली. त्या गल्ल्यात मी आता खडू ठेवते.

पैशाच्या बाबतीत असा खमका माणूस, पण एरवी महाभित्रा. मोबाईल वाजला की दचकणार. इंजेक्शनवाली ताई चढ चढताना दिसली की हे रानात. पोस्टाच्या खिडकीलाही घाबरायचे. पोरगं आत जाऊन पैसे भरायचं आणि मामा रस्त्यावर काठी धरून उभे. पण सगळ्यांत मोठी धास्ती वाघराची, म्हणजे बिबट्याची. खालच्या वाडीतलं वासरू त्यानं नेल्यापासून तर मामा दिवस कलला की त्याचं नावही घ्यायचे नाहीत. “त्येला आयकू येतं,” म्हणायचे. ऊन डोंगराआड जायच्या आत शेळ्या घरात, मामा घरात आणि दाराला अडसर. बाया चिडवायच्या, “मामा, परसाकडं जायाला पोलीस बोलवू का?” मामा आतून म्हणायचे, “दोन बोलवा.”

मीही हसायचे. हसण्यासारखंच होतं ते.

थंडीच्या दिवसांत एकदा माझी गाडी पंक्चर झाली आणि न्यायला येणाऱ्या भावाची वाट बघत मी मामांच्या अंगणात बसले. ऊन उतरत होतं. मामा दारात उभे राहून हजेरी घेत होते. एकेक नाव घ्यायचं, एकेक शेळी उंबरा ओलांडून आत.

“ज्ञानेश्वरी. ये बाय. सार्थक. तू कुठं भटकाय गेलतीस? आरोही.”

कुणी आलं नाही.

“आरोही!”

मामांनी डोंगराकडे बघितलं. आवाज उतरला त्यांचा. तेवढ्यात तिसरीतल्या आरोहीची आई धापा टाकत आली. “मामा, आमची आरू हितं आलीया का? घरात न्हाई वो.”

सार्थक कोपऱ्यात शेळीला पाला घालत होता. तो अगदी सहज म्हणाला, “ती मूळ आणाय गेलीया. वड्याकडं.”

कर्ते पुरुष मेंढरं घेऊन खाली देशावर गेलेले. उरलो आम्ही बायका आणि मामा. मला वाटलं, आता हा माणूस अडसर लावून घेणार. पण काठी न घेताच मामा धावत सुटले. मी मोबाईलचा उजेड पाडत मागून पळत होते, माझ्यामागं आरोहीची आई. अंधार पडत होता. “आरोही! आरोही!” आम्ही हाका मारत होतो, आणि प्रत्येक हाकेबरोबर मला वाटत होतं की आपणच त्या जनावराला तिचं नाव सांगतोय.

ओढ्याच्या घळीत करवंदीच्या जाळीपाशी ती सापडली. शेळीचा पाय दगडांच्या फटीत अडकला होता आणि पोरगी तिच्या गळ्याला मिठी मारून बसली होती. मला जरा हायसं वाटलं, तोच वरच्या खडकाकडून आवाज आला. करवतीनं लाकूड कापल्यासारखा, थांबून थांबून. “वाघरू,” आरोहीची आई कुजबुजली.

“आरू,” मामा हळू म्हणाले, “सोड तिला. हिकडं ये.”

पोरीनं मान हलवली. “मूळ सोडायचं न्हाई, मामा.”

“सोड म्हंतो न्हवं! मरू दी मूळ! सोड!” मामा असे ओरडले की माझ्या हातातला मोबाईल पडता पडता राहिला. ते घळीत उतरले, त्या आवाजाच्या खालूनच गेले, मिठी सोडवली आणि रडणाऱ्या पोरीला खांद्यावर टाकून वर आले. आम्ही पळत सुटलो. मागं शेळी एकदा ओरडली. पुन्हा तिचा आवाज आला नाही.

वाडीत पोचल्यावर मामा ओट्यावर बसले. पोरगी हुंदके देत देत त्यांच्या खांद्यावरच झोपी गेली. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. तो त्यांनी तसाच बाजूला ठेवला.

“बाई,” ते म्हणाले, “पोरं खरं मानत्यात वो. आपुन बोलाय बोलतो, आन ती खरं मानत्यात.”

मीही दिवसभर त्या मुलांना काहीबाही सांगतच असते.

आरोहीच्या आईनं डोळे पुसले आणि हात पुढं केले. “द्या मामा, निजवते तिला. भ्यालीया लई.”

मामांनी पोरीला आणखी घट्ट धरलं.

“ऱ्हाऊ दी जरा,” ते म्हणाले. “ती निजली. मलाच अजून लई भ्या वाटतंया.”