क्रमांक एकशे त्रेचाळीस

पट्टणशेट्टी सर माणसांना नावानं हाक मारत नसत, नंबरानं मारत. रंकाळा तलावावर फिरायला आलेल्या एखाद्या धोतरातल्या आजोबांना ते भर गर्दीत हात जोडून म्हणायचे, "नमस्कार, सत्त्याऐंशी!" आणि आजोबाही तितक्याच सहजपणे म्हणायचे, "नमस्कार सर, बरं हाय न्हवं?" शेजारून भेळ खात चाललेली माणसं चमकून बघायची. दोघंही एकाच तुरुंगातून सुटलेत की काय, असं त्यांना वाटत असणार.

कारण साधं होतं. सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे आणि एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसांवर पीएच.डी. करत होते. संशोधनात माणसाचं नाव उघड करायचं नाही, असा नियम आहे. बाकीचे लोक तो प्रबंधापुरता पाळतात. सर तो मंडईत, एसटीत आणि लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाळायचे. "नाव उच्चारलं की गुप्तता गेली. नोंद घ्या." 'नोंद घ्या' हे त्यांचं पालुपद होतं.

मी त्यांची सहायक. नंबर चार. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि फळ्यावर सरांच्या अक्षरात सूचना लागली होती: 'संशोधनासाठी विद्यार्थी सहायक हवेत. मानधन नाही. अनुभव मिळेल.' आमच्या अण्णांचा दुधाचा धंदा. ते म्हणाले, "फुकट? अगं, म्हस बी फुकट दूध देत न्हाय. पेंड घालाय लागती." मी म्हटलं, अनुभव मिळतो. "मग त्यो अनुभव घालू व्हय म्हशीला?"

तरी गेले. पुढं नोकरीसाठी अर्ज करताना सरांच्या हातचं शिफारसपत्र असलं की वजन पडतं, असं सगळे सांगत. सरांनी कबूल केलं होतं, प्रबंध विद्यापीठात गेला की पत्र. माझ्या आधीचे तिन्ही सहायक प्रबंधाची वाट बघून बघून निघून गेले होते.

कामाला लावण्याआधी सरांनी मला आठवडाभर तयार केलं. मुलाखत घेताना चेहरा कोरा हवा. 'हं' म्हणायचं नाही, मान हलवायची नाही, स्वतःबद्दल एक अक्षर सांगायचं नाही, काही खायचं नाही. चाळीस प्रश्न, चाळीस मिनिटं. त्यासाठी सरांच्या गळ्यात काळ्या दोरीत स्टॉपवॉच कायम असायचं. आंघोळीला तरी काढतात का, अशी आम्हा विद्यार्थ्यांना शंका होती. मी घरी आरशासमोर कोरा चेहरा करून बसायला लागले. आईनं मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली.

हे नियम कुठल्या तरी परदेशी पुस्तकातले. आमच्याकडं ऐकणारा मधून मधून 'व्हय की', 'मग वो?' म्हणाला नाही तर सांगणारा गप्पच होतो. सत्त्याऐंशी म्हणजे पेठेतले एक जुने पैलवान. त्यांना मी कोऱ्या चेहऱ्यानं तीन प्रश्न विचारले. चौथा विचारायच्या आत ते उठले, आत गेले आणि मूठभर ओवा घेऊन आले. "पोटात दुखतंय न्हवं? खा. लाजू नगंस." पैलवानाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती. ओवा चावत चावत मी उरलेले सदतीस प्रश्न उरकले आणि सरांना प्रामाणिकपणे सगळं सांगितलं.

सरांचा चेहरा लाल झाला. ते मूळचे गडहिंग्लजकडचे लिंगायत, घरात कानडी. मराठी अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचे, पण राग आला की कानडीत आकडे मोजायचे. "ओंदु, एरडु, मूरु..." दहापर्यंत गेले की राग उतरायचा. त्या दिवशी वीसपर्यंत गेले. मग माझ्यादेखत फॉर्म टराटरा फाडला. "विचारणारा आणि सांगणारा यांच्यामध्ये ओवा आला. उत्तरं बाद." दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सगळी मुलाखत पुन्हा घेतली. पैलवानांचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच होती. "सर, सत्त्याऐंशी म्हंजे लईच खाली झालं की वो. एक नंबर न्हाय व्हय शिल्लक?"

प्रबंधाला दीडशे माणसं हवी होती. मी सायकल हाणत गल्ल्या पालथ्या घातल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एकशे एकोणपन्नास झाली. एकच अडली, एकशे त्रेचाळीस. मुरगूडच्या कुणी आजी होत्या. त्यांची मुलाखत सरांनी स्वतःकडं ठेवली होती. दर शनिवारी सकाळी ते कापडी पिशवी घेऊन मुरगूडची एसटी धरायचे आणि संध्याकाळी परत यायचे. "झाला का फॉर्म?" विचारलं की, "प्रक्रिया सुरू आहे." असं दीड वर्ष चाललं होतं. चाळीस मिनिटांचं काम!

मार्च उजाडला. सरांना दोनदा मुदतवाढ मिळून गेली होती, तिसरी मिळणार नव्हती. महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर सात वर्षांची मेहनत पाण्यात, आणि तिच्याबरोबर माझं पत्रही.

"सर, त्या आजींना सोडा. दुसरं कुणीतरी बघू."

"ओंदु, एरडु..."

"मग येत्या शनिवारी मी येते. दोघं मिळून संपवू."

सर मोजायचे थांबले. नाही म्हणायला त्यांना कारण सापडलं नाही.

एसटीत मी पिशवीत डोकावले. खारीचा पुडा, तपकिरीची डबी आणि डोळ्यांत घालायचं औषध. "संशोधनाचं साहित्य," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले.

आजी ओट्यावरच बसल्या होत्या. "आज धा मिंटं उशीर, मास्तर?"

"गाडी उशिरा सुटली."

"आनी ही कोन?"

"सहायक चार."

"पोरीला नाव न्हाय व्हय?"

"वैशाली," मी सांगून टाकलं. सरांनी ऐकलंच नाही असं दाखवलं.

चहा झाला, खारी झाली, शेजारच्या शेवंताशी झालेलं ताजं भांडण सविस्तर सांगून झालं. सर मधून मधून चक्क 'व्हय की' म्हणत होते. मग त्यांनी स्टॉपवॉच दाबलं आणि फॉर्म काढला. मी तो बघितला आणि बघतच राहिले. शेवटचे दोन सोडून प्रत्येक प्रश्नापुढं दोन उत्तरं होती. एक शाईनं, खाली एक पेन्सिलीनं.

"हे पेन्सिलीचं कुणाचं?"

"मास्तरांचं," आजी म्हणाल्या. "मी एकटीनंच का म्हनून सांगू? घरातलं इचारताय तर तुमी बी सांगा की. आधी तुमी, मग मी. आनी एका शनवारी एकच. गाडी धरायची हाय व्हय कुनाला?" शिवाय मागचं उत्तर पटलं नाही तर बदलायचा हक्कही त्यांनी राखून ठेवला होता. निम्मे शनिवार त्यातच गेले होते.

मी वाचू लागले. 'घरी बोलायला कोणी असतं का?' शाईनं: 'शेवंता. भांडायला.' पेन्सिलीनं: 'रेडिओ.' 'आजारी पडल्यास कोणाला कळवता?' शाईनं: 'शेवंतालाच.' पेन्सिलीनं: 'कोणालाही नाही.' ते खोडलेलं होतं आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'एकशे त्रेचाळीस यांना.'

सरांचं लग्न झालेलं नाही, राजारामपुरीत एका खोलीत राहतात, एवढं मला ठाऊक होतं. दोन वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी गावभरच्या लोकांचं एकटेपण मोजलं. पण सर, तुम्ही जेवलात का, एवढंसुद्धा कधी विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली.

"वाचा की आता," आजी म्हणाल्या.

सरांनी एकोणचाळिसावा प्रश्न पुस्तकी आवाजात वाचला. "आठवड्यात आपण ज्याची वाट पाहता, असा एखादा दिवस आहे का? असल्यास कोणता?"

"आधी तुमी."

सरांनी घड्याळाकडं बघितलं, छपराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. चेहरा कोरा करायचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

"शनवार," ते म्हणाले. पुस्तकातलं मराठी कुठच्या कुठं गेलं होतं.

"लिवा मग. माझं बी त्येच."

आता एकच प्रश्न उरला होता. माझ्यातली सहायक जागी झाली. मी फॉर्म ओढून घेतला आणि वाचायला तोंड उघडलं, तोच सरांनी खटकन स्टॉपवॉच बंद केलं. "वेळ संपली." बारा मिनिटं झाली होती.

परतताना कागल आलं. तिथं सरांनी फॉर्म काढून त्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. "बाद."

"अहो सर!"

"संशोधकानं स्वतःची माहिती दिली, खारी खाल्ली. ओव्याला जो नियम, तोच खारीला. नोंद घ्या." फाडतील असं वाटलं, पण त्यांनी घडी घालून तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"मग हे दीड वर्षापूर्वीच का नाही केलंत? दुसरं माणूस दोन दिवसांत मिळालं असतं!"

"ते माहीत आहे," सर म्हणाले. "पण मग मुरगूडला जायला कारण काय राहिलं असतं?"

मला हसूही आलं आणि रडूही. "कारण कशाला लागतंय, सर? आमच्याकडं पावणं बिनकारणाचंच येत्यात."

सोमवारी मी आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमन गाठले. कोरा चेहरा, ओवा नाही, चहा नाही, एकोणचाळीस मिनिटं. रिकामा झालेला नंबर त्यांना दिला. प्रबंध मुदतीच्या आदल्या दिवशी गेला आणि सरांनी शब्द पाळून मला पत्र दिलं. सुरेख अक्षरात दीड पान कौतुक. अण्णांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "सगळं झ्याक हाय. पर ह्यात तुजं नाव कुठं हाय?" नव्हतंच. सुरुवातीपासून शेवटपर्यंत 'सहायक चार'.

शनिवारी सकाळी पत्र घेऊन मी सरांच्या खोलीवर निघाले, तर सर स्टँडवर दिसले. हातात कापडी पिशवी होती. गळ्यात स्टॉपवॉच नव्हतं.

"सर, पत्रात नाव राहिलंय!"

"सोमवारी बघू. गाडी सुटेल."

"कुठं निघालात?"

"मुरगूडला." पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले. "हौसाबाईंकडं."

दोन वर्षांत सरांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं नाव. त्यांनाही ते नवंच वाटलं असावं, कारण आत शिरता शिरता त्यांनी कंडक्टरलाही सांगितलं, "एक मुरगूड. हौसाबाईंकडं चाललोय."

सोमवारी मी गेलेच नाही. ते पत्र अजून माझ्याकडं आहे, तसंच, बिननावाचं.