देवरावभाऊंचा रविवार

आमच्या गल्लीत वरणात मीठ कमी पडलं तर कोणी 'अळणी' म्हणत नाही, 'वीस' म्हणतं. जास्त पडलं तर 'चाळीस'. ही भाषा देवरावभाऊंनी रुजवली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पस्तीस ग्रॅम मीठ असतं, म्हणून जगातली कुठलीही गोष्ट बरोबर असेल तर ती पस्तीस. मी शाळेत विज्ञान शिकवते. खऱ्या पस्तीसचं वरण कोणाच्याही घशाखाली उतरणार नाही, हे मी त्यांना एकदा समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं शिकवणं पस्तीस आहे. पण थोडं हळू सांगत जा."

बल्लारपुरातून समुद्र गाठायचा तर दोन राज्यं ओलांडावी लागतात. भाऊंनी तो घरात आणून ठेवला होता. तीस वर्षं त्यांनी कोळशाच्या खाणीत पंपावर काढली. जमिनीखालचं पाणी उपसून वर फेकायचं, हेच काम. निवृत्त झाल्यावर नागपूरला एका दुकानात त्यांनी काचेच्या टाकीत प्रवाळ उमलताना पाहिलं आणि तिथेच दोन तास उभे राहिले. बाहेर कुसुमवहिनी त्यांना हरवले समजून पोलिसांत जायला निघाल्या होत्या.

मग समोरच्या खोलीत चार फुटांची टाकी आली. तिच्यात जांभळं-हिरवं प्रवाळ, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे आणि एक लाजाळू झिंगा. "हा दगड नाई, जनावर आहे," असं प्रवाळाकडे बोट दाखवून भाऊ पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणा पाय वर घेऊन बसे. आमच्याकडचा उन्हाळा प्रवाळाला सोसत नाही म्हणून घरातला एकमेव एसी त्या खोलीत लागला. मे महिन्यात अर्धी गल्ली दुपारी मासे बघायला जायची. मासे कोणी बघत नसे, सगळे घोरत.

पण रविवारी त्या घरात प्रवेश नव्हता. रविवारी पाणी बदलायचं असे. नुसतं मीठ टाकून समुद्र होत नाही, त्याची घाणही काढावी लागते. चाळीस लिटर जुनं पाणी बादल्यांनी बाहेर, आदल्या दिवशी ड्रममध्ये खास मीठ विरघळवून ठेवलेलं चाळीस लिटर नवं पाणी आत. शिवाय रोज सकाळी वाफ होऊन उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी भरायचं. पहिल्या वर्षी जुनं पाणी अंगणात ओतलं, तेव्हा वहिनींचा कढीपत्ता आठवडाभरात वाळला. वहिनी चार दिवस बोलल्या नाहीत. भाऊंना ते पाचव्या दिवशी कळलं.

या पाण्यापायी भाऊ कुठे मुक्कामाला जात नसत. बारसं असो, तेरवी असो, उत्तर एकच, "पाणी कोण बदलवंन?"

आम्ही हसायचो. मात्र एका ठिकाणी हे हसण्यासारखं नव्हतं. त्यांची एकुलती एक मुलगी प्रणाली एटापल्लीला नर्स आहे. तिथल्याच आश्रमशाळेतल्या सुधाकर नावाच्या शिक्षकाशी तिनं आपल्या मनानं लग्न ठरवलं. भाऊंना विचारलं नाही, सांगितलं. लग्न रविवारी होतं. "रविवारी मले जमत नाई," भाऊ म्हणाले आणि बादली उचलली. वहिनी आपल्या भावाला घेऊन लग्नाला गेल्या. त्यानंतरची सहा वर्षं वहिनी एकट्याच जायच्या. प्रणाली इकडे आली नाही.

मग एके दिवशी वहिनींनी बॅग भरली. "पोरीले सातवा लागला," त्या म्हणाल्या. "मी तिकडेच राहीन आता. तुमी मासे सांभाळा." आवाज चढवला नाही, टोमणाही मारला नाही. रिक्षात बसल्या आणि गेल्या.

दुसऱ्याच दिवशी भाऊ माझ्या दारात. "मॅडम, शाळेतलं पाणी मोजाचं नळकांडं द्या. पाणी आपलं आपण बदललं पायजे, असं काई करून राह्यलो."

"काऊन?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"शास्त्र म्हणून," ते म्हणाले.

पहिलं यंत्र सोपं होतं. एक छोटा पंप जुनं पाणी बाहेर काढणार, दुसरा ड्रममधलं नवं आत ढकलणार. शिवाय पातळी खाली गेली की गोडं पाणी सोडणारा एक तरंगता बोंडा. बादल्या माळ्यावर गेल्या. दोन आठवड्यांनी प्रवाळ मिटलं. भाऊंनी मीठ मोजलं तर एकतीस. बाहेर काढणारा पंप दुसऱ्यापेक्षा जरासा जास्त ओढत होता. खारं पाणी जेवढं कमी पडे, तेवढं बोंड्यानं इमानदारीनं गोड्या पाण्यानं भरून काढलं होतं.

"समुद्र गोड होऊन राह्यला, मॅडम," भाऊ म्हणाले. त्या दिवशी मी डबा पाठवला तो तसाच परत आला. पुढचे आठ दिवस ते पुन्हा बादल्या उचलत होते आणि पाणी हळूहळू पस्तीसवर आणत होते. कंबर धरून बसले, पण माघार घेतली नाही. दोन्ही पंप काढून टेबलावर ठेवत, त्यांच्याकडे बघत आणि म्हणत, "खाणीत दोन मोटरी कधी सारख्या पळाल्या नाई. इथी कशा पळतीन?"

आणि मग त्यांना सुचलं. मोटर एकच ठेवायची. चंद्रपूरच्या भंगारवाल्याकडे दवाखान्याच्या जुन्या मशीनचा एक पंप त्यांना मिळाला. त्यात फिरणारी चाकं रबरी नळी चेपत चेपत पाणी पुढे ढकलतात. भाऊंनी त्याच चाकांखाली सारख्या मापाच्या दोन नव्या नळ्या बसवल्या. एकीतून जुनं बाहेर, दुसरीतून नवं आत. मोटर हळू झाली तर दोन्ही हळू, थांबली तर दोन्ही बंद. तासाला पाव लिटर जाणार, पाव लिटर येणार. बोंडा भरणार ते फक्त वाफ होऊन उडालेलं. ड्रम रिकामा झाला किंवा टाकीची पातळी चढली तर यंत्र आपोआप बंद. वीज गेली तर इन्व्हर्टर.

मी नळकांडं धरून बसले. तासानंतर बाहेर आलेलं पाणी अडीचशे मिली. आत गेलेलं, अडीचशे. पुन्हा मोजलं. अडीचशे, अडीचशे. भाऊंनी चष्मा काढून पुसला.

त्या रविवारी, इतक्या वर्षांत प्रथमच, त्या घराचं दार सगळ्यांना उघडं होतं. गल्ली जमली. सगळे टाकीपुढे बसले. मासे फिरत होते, प्रवाळ पूर्ण फुललं होतं. पंधरा मिनिटं झाली.

"भाऊ, काईच होऊन नाई राह्यलं," दूधवाला म्हणाला.

"तेच तर," भाऊ म्हणाले. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. सगळ्यांना त्यांनी स्वतःच्या हातानं चहा दिला. साखर चाळीस होती.

महिनाभरानं एटापल्लीहून निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. मी पेढे घेऊन गेले आणि विचारलं, "कधी निघताय?"

"अजून टेस्टिंग सुरू आहे," भाऊ म्हणाले.

आठवड्यानं विचारलं. टेस्टिंग. दोन आठवड्यांनी विचारलं. टेस्टिंग. शेवटी मी त्यांची वही उघडली. पानंच्या पानं तेच आकडे होते, अडीचशे, अडीचशे, पस्तीस. एकाही दिवशी चूक नव्हती.

"भाऊ," मी म्हटलं, "ही मशीन तर केव्हाच पास झाली."

त्यांनी वही माझ्या हातातून घेऊन मिटली. मग हळूच म्हणाले, "मशीनचं मले भेव नाई, मॅडम. दार जावयानं उघडलं तर त्याले काय म्हणू? सहा वर्षं पाणी बदलून राह्यलो होतो म्हणू?"

"नातीला बघायला आलो म्हणा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला किल्ली दिली आणि सूचनांची तीन पानं दिली. धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. आलापल्लीला गाडी बदलायची, हे त्यांनी मला चारदा सांगितलं, जणू मीच निघाले होते.

मला खरोखर काही काम नव्हतं. ड्रम भरलेला ठेवायचा, माशांना चिमूटभर खाणं टाकायचं आणि वहीत आकडे लिहायचे. भाऊ फोन करून विचारतील म्हणून मी वही जवळ घेऊन बसायचे. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी फोन आला. मी घाईनं वही उघडली.

"मॅडम," भाऊ म्हणाले, "पोरगी लई चपळ आहे. मायं बोट सोडत नाई." मागे बाळ रडत होतं, आणि वहिनी त्याला काहीतरी गुणगुणत होत्या. "अन् इथला मोरीतला नळ गळून राह्यला. जावई अन् मी मिळून पाईप बदलून राह्यलो. अजून आठ-दहा दिवस तरी लागतीन."

"एका नळाला आठ-दहा दिवस?"

"हळूहळू करून राह्यलो," ते म्हणाले.

तेवढ्यात मागून जावयाची हाक आली, "मामाजी, पाना कुठी ठेवला?"

"आलो, आलो," भाऊ त्याला म्हणाले आणि फोन ठेवायचा विसरून तसेच निघून गेले.