कावळा नापास

शिक्क्याच्या कपाटाची किल्ली मंगळवारी खिडकीजवळच्या उभ्या पाइपात पडली आणि कार्यालयाचं कामकाज रीतसर थांबलं. माझ्या बदलीच्या हुकमावर तेवढा एक शिक्का बाकी होता. बायको दुसऱ्या गावी, नववा महिना भरलेला. मी रांगेत विसावा.

"किल्ली काढण्याचा प्रस्ताव वर गेलाय," कारकून म्हणाले. "मंजूर झाला की काढू."

तेवढ्यात खिडकीत एक कावळा येऊन बसला. त्यानं पाइपात डोकावलं, टेबलावरच्या फायलीची तार उपसली, पायाखाली धरून चोचीनं तिला बाक दिला, आत सोडली आणि किल्ली अलगद वर काढून कारकुनांपुढे टाकली. रांगेनं टाळ्यांचा नुसता कडकडाट केला!

"उघडा की आता!" मी ओरडलो.

"कोणी काढली?"

"कावळ्यानं."

"त्याला अधिकार आहे?"

साहेब आले. अनधिकृत हस्तक्षेप रद्दबातल ठरवून त्यांनी किल्ली पूर्ववत पाइपात टाकली. कावळ्यानं पुन्हा काढली. साहेबांनी पुन्हा टाकली. चौथ्या खेपेला कावळ्यानं तारेला दुहेरी आकडा केला, तेव्हा साहेबांना घाम फुटला. "राहू दे टेबलावर," ते म्हणाले. "पुरावा आहे. कोणी हात लावायचा नाही."

मग समिती बसली. कावळ्याला खरंच अक्कल आहे की नुसता योगायोग, हे ठरवायला दुसऱ्या किल्ल्या टाकून तुलनात्मक चाचणी झाली. पाच अधिकारी, एक कावळा, प्रत्येकी एक तार. एकानं हातमोजे मागितले, दुसऱ्यानं तार अभिप्रायासाठी पुढे पाठवली, तिसऱ्यानं तारेनं कान कोरला. उरलेले दोघे चहाला गेले. कावळ्याला वीस सेकंद लागले.

निकाल भलताच लागला, म्हणून व्याख्या सुधारण्यात आली: 'बुद्धिमत्ता म्हणजे साधन हाताशी असूनही आदेश येईपर्यंत स्वस्थ बसण्याची क्षमता.' कावळा शून्यावर आला. अधिकारी काठावरच पास झाले, कारण दोघे चहाला उठले होते. पैकीच्या पैकी गुण मिळाले ते रांगेला.

बाराव्या दिवशी फोन आला. मुलगी झाली! तिचं पहिलं रडणं मी रांगेतच ऐकलं. मलाही रडू फुटलं, पण जागा सोडली नाही. साहेबांनी पाठ थोपटली आणि माझा पहिला नंबर जाहीर केला.

दुसरा नंबर तुमचा. किल्ली टेबलावर पडलीय, हे तुम्हीही मघाशीच वाचलंत. "अहो, उचला ना ती!" असं एकदा तरी तोंडातून निघालं? नाही ना? अभिनंदन!