मॉडर्निस्टाचा कावळा

शब्दाचा अर्थ हवा असेल तर अख्ख्या धाड गावात एकच दार वाजतं, माझं! चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलंय, उगाच नाही. म्हणून तर नीळकंठाच्या दहाव्याला मी पुढं झालो.

नीळकंठ म्हणजे आमच्याच शाळेतला चित्रकलेचा मास्तर, माझा जिवलग. नदीकाठी पिंड ठेवून तास झाला, पण कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर चांगले सात बसलेले!

"काऊन येऊन नाही राह्यले हे?" त्याचा भाऊ शेषराव कातावला. मग हात जोडून म्हणाला, "नीळकंठा, पोरीचं लगन लावून देतो! घराले रंग देतो!"

कावळे ढिम्म.

तेव्हा नीळकंठाची बायको, पद्मजावहिनी, पुढं आल्या नि माझ्याकडं वळल्या. "भाऊजी, जाताना ते म्हणाले, माझ्या फोटोखाली मॉडर्निस्ट लिहा. मी हो म्हटलं, पण मले त्याचा अर्थच नाही समजला. त्याच्यातच जीव अडकला असन. सांगता का?"

सांगता का! मी उपरणं कमरेला खोचून उभाच राहिलो.

"वहिनी, लॅटिनमध्ये मोडो म्हणजे आत्ताच. त्यातून आला मॉडर्न!" मी हात उंचावला. "जुनं सोडून नव्यामागं लागणाऱ्याला लोक मॉडर्निस्ट म्हणून हिणवायचे! पुढं कवी-चित्रकारांनी तेच नाव छातीवर मिरवलं! जुने साचे फोडा, जग आपल्या डोळ्यांनी पाहा!" साचे फोडताना मी दोन्ही हात गरगर फिरवले.

"म्हणून चित्रात मले हिरवी काढली होती?" वहिनींनी हळूच विचारलं. "मी वर्षभर अबोला धरला, भाऊजी. वाटलं, माझी थट्टा केली."

"थट्टा कसली! त्याला तुम्ही तशाच दिसायच्या!" एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मास्तर थांबतो होय? मी थेट पॅरिसच्या चित्रकारांत शिरलो.

"शालिग्राममास्तर!" शेषराव ओरडला. "हात खाली घ्या! कावळा तीनदा खाली आला, तीनदा तुम्हीच हाकलला!"

मी मटकन बसलो. ज्याच्यासाठी दहा दिवस जीव तुटत होता, त्यालाच मी हाकलत होतो! तोंड मिटलं. मिनिटभरात कावळा उतरला नि पिंडाला शिवला.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. रडता रडताच त्यांना हसू फुटलं.

"असंच होतं हो यांचं. रोज शाळा सुटल्यावर हे उशिरा घरी येत. विचारलं की म्हणत, काय करू, शालिग्राम थांबतच नव्हता."