जागा विचारायची नाही

सुधाकर तेंडोलकरांना "कोथिंबीर कुठून आणलीत?" असं विचारलं तरी ते आधी मागे वळून बघतात. मग आवाज उतरवून सांगतात, "इकडेच. जरा पुढे."

इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलाचे मालकाने पाच तुकडे करून पाच बिऱ्हाडांना भाड्याने दिले आहेत. वरच्या तुकड्यात तेंडोलकर, खाली आम्ही. इतक्या वर्षांचा शेजार, पण हा माणूस केस कुठे कापतो, गाडी कुठे धुतो, याचा आम्हाला पत्ता नाही. ते एसीचे डक्ट बसवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत. त्यांचं ऑफिस मुसाफ्फाच्या कारखान्यांच्या भागात आहे हे मला त्यांच्या बायकोकडून, शैलाकडून कळलं. त्यावरही "वहिनींना कशाला सांगितलंस?" म्हणून तिला ऐकून घ्यावं लागलं होतं.

ही खोड पक्ष्यांपायी लागलेली. दर शनिवारी उजाडायच्या आत तेंडोलकर गळ्यात दुर्बीण अडकवून निघतात आणि ऊन चढलं की तोंड लाल करून, बुटांत वाळू भरून परत येतात. कुठे गेला होतात? इकडेच. जरा पुढे. शैला एकदा वैतागून मला म्हणाली, "अगं, दुसरी बाई असती ना, तर एव्हाना मला तिचं घर सापडलं असतं."

याला कारण आहे, आणि ते मला त्यांनीच सांगितलं. इथे नवीन असताना त्यांना डोंगराच्या कपारीत एका घुबडाचं घरटं सापडलं. आनंदाच्या भरात त्यांनी पक्षी बघणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जागा टाकली. पुढच्या शनिवारी तिथे गाड्यांची रांग. कुणी फोटोत मध्ये येते म्हणून फांदी छाटतोय, कुणी घुबडाने मान वळवावी म्हणून स्पीकरवर दुसऱ्या घुबडाचा आवाज लावतोय, एका कुटुंबाने तर खाली चटई टाकून समोसे उघडलेले. घुबड अंडी टाकून गेलं ते परत आलं नाही.

"त्या दिवसापासून ठरवलं," तेंडोलकर म्हणाले. "पक्षी विचारा, वेळ विचारा. जागा विचारायची नाही."

आणि ठरवलं म्हणजे माणसाने किती ठरवावं! ते ग्रुपवर फोटो टाकतात तो चारही बाजूंनी कातरून. मागे झाड नाही, डोंगर नाही, विजेचा खांब नाही, नुसता पक्षी आणि त्याच्या भोवती बोटभर वाळू. सगळे पक्षी पासपोर्टसाठी स्टुडिओत जाऊन बसल्यासारखे दिसतात. अल रीम आयलंडवर दातांचे एक डॉक्टर आहेत, कुलकर्णी नावाचे. त्यांच्याकडे तोफेएवढी लेन्स आहे, पण पक्षी शोधायचा पेशन्स नाही. त्यांनी एका शनिवारी गाडीतून तेंडोलकरांचा पाठलाग केला. तेंडोलकरांनी आरशात बघितलं, हायपरमार्केटला वळले, ट्रॉली घेतली, पोतंभर कांदे घेतले आणि घरी येऊन झोपले. आम्ही त्या आठवड्यात रोज वरून येणारी कांद्याची भजी खाल्ली.

हसू यायचं तेव्हा. आता तेंडोलकरांचा विचार आला की मला आधी राग येतो.

मागच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शैलाला गाडी येत नाही, आणि येत असती तरी काय? "शैलाला सांगणं म्हणजे महाराष्ट्र मंडळाला सांगणं," हे ते तिच्यासमोरच म्हणायचे. शनिवारी पहाटे आमची बेल वाजली. दारात तेंडोलकर, डोळ्यावर प्लास्टिकची ढाल.

"वहिनी, तुम्ही चला. तुम्हाला पक्ष्यांतलं काहीच कळत नाही, म्हणून तुमच्यावर विश्वास आहे."

इतका अपमान करून कुणी माझ्याकडून काम करून घेतलेलं नाही. तरी मी गेले. त्यांनी माझा फोन बंद करून डॅशबोर्डच्या खणात टाकायला लावला. मॅप लावायचा नाही. एकाच राउंडअबाउटला त्यांनी मला तीनदा फिरवलं. विमानतळ मागे पडला, बंद पडलेल्या चाऱ्याच्या शेतांची कुंपणं लागली, मग डांबर संपलं. टायरमधली हवा कमी करून आम्ही खडीवाळूतून हळूहळू एका माळावर आलो. माळ म्हणजे काहीच नाही. कुठे कुठे खारट मातीत तग धरलेली करडी झुडपं, बाकी सपाट.

"बघा," तेंडोलकर म्हणाले.

"काय बघू?"

"त्या वाकड्या झुडपाच्या डावीकडे. दगड दिसतोय ना? त्या दगडाला पाय आहेत."

बऱ्याच वेळाने मला तो दिसला. वाळूच्याच रंगाचा, उंच पायांचा, डोळ्यामागून एक काळी रेघ गेलेला पक्षी. त्याला मराठीत धाविक म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तो सहसा उडत नाही, पळतो. घरटं बांधत नाही, उघड्या मातीवर अंडी घालतो. तेंडोलकरांचा एक डोळा झाकलेला आणि दुसऱ्यातही मोतीबिंदू, म्हणून मी दुर्बिणीतून बघून त्यांना सांगत होते, आणि ते लहान मुलासारखे "आता? आता काय करतोय?" असं विचारत होते.

"नुसता उभा आहे हो. उन्हात कशाला उभा राहिलाय हा?"

"त्याच्या पायांत अंडी आहेत. ह्या उन्हात अंडी उबवायची नसतात वहिनी, शिजू द्यायची नसतात. तो सावली देतोय. थकला की दुसरा येईल, मग तो उभा राहील." मग म्हणाले, "दरवर्षी इथेच येतात. अख्ख्या भागात एवढीच जागा उरलीय त्यांना. आपण पाहुणे, आज ना उद्या व्हिसा संपेल. हे इथले."

हे बोलताना ते मागे वळून बघत नव्हते. त्यांचा खरा आवाज कसा आहे तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

दिवाळीच्या सुमाराला ग्रुपवर एक मेसेज आला. त्या माळाच्या भागात बांधकाम व्हायचं होतं, आणि त्याआधी पाहणी करणाऱ्या कुठल्याशा कंपनीने विचारलं होतं की इथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांची माहिती कुणाकडे असल्यास महिनाअखेरपर्यंत द्यावी. घरटी सापडली तर तेवढा तुकडा वगळता येईल, असंही लिहिलं होतं. तेंडोलकरांनी तो मेसेज मला जिन्यात गाठून दाखवला आणि हसले.

"कुलकर्ण्याचं काम आहे हे."

"अहो, कंपनीचं नाव आहे, फोन नंबर आहे! फोन करून खात्री करा. सांगून टाका ना जागा."

"वहिनी, आज सर्व्हे म्हणून विचारतात, उद्या बस भरून येतात. मी घुबडाच्या वेळी बघितलंय. कुणाला माहीत नाही, म्हणून तर ती जागा टिकलीय."

मी भांडले. जिन्यात उभी राहून चांगला अर्धा तास भांडले. शेवटी म्हटलं, तुम्ही नाही सांगत तर मी सांगते. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "सांगा. काय सांगाल?" आणि खरंच, मी काय सांगणार होते? तीनदा फिरवलेलं राउंडअबाउट, कुठल्यातरी चाऱ्याच्या शेतामागचा कुठलातरी माळ? त्यांनी मला नेलं होतं ते अशा बेताने की मला पुन्हा जाता येऊ नये.

महिना संपला. कंपनीची माणसं हिवाळ्यात एक फेरी मारून आली, तेव्हा अर्थातच तिथे अंडी नव्हती. माहिती कुणी दिलेली नव्हती. अहवालात आलं, विशेष दखल घ्यावी असे पक्षी आढळले नाहीत. पुढच्या शनिवारी तेंडोलकर नेहमीपेक्षा लवकर परत आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. माळाला कुंपण पडलं होतं. त्यावर मोठ्ठा फलक लागला होता, हिरवळीवर खेळणारी मुलं आणि वर निळ्या आकाशात उडणारे पक्षी.

मग ते त्या पाहणीवाल्या कंपनीच्या ऑफिसात गेले. साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले. समोर आपल्या देशातलीच, हिंदी बोलणारी एक तरुण मुलगी होती, फार चांगली वागली. तेंडोलकरांनी लॅपटॉप उघडून तिला फोटो दाखवले. धाविक, धाविकाची अंडी, अंड्यांवर उभा धाविक, नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू. इतक्या वर्षांचे फोटो. ती प्रत्येक फोटोवर थांबत होती.

"सर, फोटो तो बहुत अच्छे हैं," ती म्हणाली. "लेकिन ये जगह कौन सी है, ये कैसे पता चलेगा? पीछे तो कुछ भी नहीं है. ये तो राजस्थान का भी हो सकता है."

"ओरिजिनल होंगे ना? बिना काटे हुए?" तिने विचारलं. नव्हते. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून ते कातरल्यावर मूळ फोटो पुसून टाकायचे.

"मॅडम, आपने देखा है?" तिने स्क्रीनवरचा नकाशा माझ्याकडे वळवला. "बता सकती हैं कहाँ?" मला सांगता आलं नाही. तेव्हा तेंडोलकरांनी स्वतःच पुढे होऊन नकाशावर बोट टेकवलं. माझ्याशिवाय जगात कुणालाही न दाखवलेल्या जागेवर.

मुलीने ओठ आवळले. "सर, हमने तो पूछा था. तब क्यों नहीं बताया? अब तो खलास. अप्रूव्हल भी हो गया."

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "मी राखत होतो वहिनी."

"कुणापासून?" मी ओरडलेच. वयाने मोठ्या माणसावर असं ओरडायला नको होतं, पण मला रडू येत होतं.

त्याच दिवशी त्यांनी ग्रुपवर लोकेशन टाकलं. खाली लिहिलं, 'या. सगळे या. येऊन बघा आणि कंपनीला लिहा.' ग्रुपवर अंगठे उमटले. 'वाव, थँक्स फॉर शेअरिंग.' डॉक्टर कुलकर्ण्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकाने विचारलं, पार्किंग आहे का? आणि कुणीही आलं नाही. मागे पळणारी ही सगळी माणसं, जागा हातात दिल्यावर त्यांची हौसच संपली.

ह्या एप्रिलमध्ये तेंडोलकर शैलाला म्हणाले, "चल, तुला दाखवतो." संसाराला इतकी वर्षं झाल्यावर. शैलाने नवी साडी नेसली. मलाही बरोबर चल म्हणाली, तिला एकटीला जायचं बहुतेक धाडस होईना.

कुंपणाच्या आत एक रोलर फिरत होता. सगळी झुडपं गेली होती. दाबून सपाट केलेली जमीन पार पलीकडच्या क्रेनपर्यंत पसरली होती. तेंडोलकरांनी दुर्बीण लावली, आणि एकदम कुंपणाची जाळी दोन्ही हातांनी धरून ओरडायला लागले.

"ए भाई! रोको! रोलर रोको! इधर है! इधर!"

गार्ड धावत आला. भला माणूस होता. तेंडोलकरांनी त्याच्या गळ्यात दुर्बीण घातली, त्याची मान धरून दिशेला वळवली. तो बराच वेळ बघत होता.

"किधर साब? कुछ नहीं है."

"अरे, सामने! खड़ा है, अंडे पे! सामने देखो ना!"

"साब, सामने तो सब जमीन है."

दुर्बीण माझ्याकडे आली. मलाही काही दिसेना. "वहिनी, अहो, त्या..." असं म्हणून तेंडोलकर थांबले. त्या कशाच्या डावीकडे? वाकडं झुडूप नव्हतं, दगड नव्हता, काहीही नव्हतं. जन्मभर जागा लपवलेल्या माणसाला आता ती सांगायची होती आणि सांगायला एकही खूण उरलेली नव्हती. रोलर पलीकडच्या टोकाला जाऊन वळला.

"इथे आहे हो," तेंडोलकर म्हणत होते, कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "इथेच आहे. कुणीतरी बघा."

तेव्हा शैला पुढे झाली. जाळीला तोंड लावून ती समोर बघत राहिली.

"दिसला मला," ती म्हणाली.

तेंडोलकरांनी तिच्याकडे बघितलं. "दिसला?"

"दिसला हो. तो काय, उभा आहे."

"अंड्यांवर?"

"अंड्यांवरच."

"तो सावली देतोय, शैला."

"कळलं मला," शैला म्हणाली आणि तिने त्यांचा दंड धरला.

तिचा लांबचं बघायचा चष्मा गाडीत राहिला होता. तो द्यायलाच मी मागे येऊन उभी होते. मी तो तसाच मुठीत धरून ठेवला.